खासगी आरंभ, उशिराची स्वायत्तता

आपल्याकडचे रेडिओ प्रसारण पहिल्यापासून सरकारीच होते, असे म्हटले जाते. त्याला थोडी पुस्ती जोडतो. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू केले ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीने. मात्र वर्षाला १० रुपये परवाना शुल्क भरणारे श्रोतेच तुटपुंजे असल्याने ती १९३० मध्ये बुडाली आणि मगच सरकारने प्रसारण हाती घेतले. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव १९३६ चे. आमच्या नाशिककडे द्राक्षबागेत मांडवाच्या तारेला ट्रान्झिस्टर अडकवून हवामानाचा अंदाज ऐकणारे बागायतदार मी पाहिले आहेत, म्हणून रेडिओच्या सरकारपासूनच्या स्वायत्ततेचा प्रश्न मला केवळ दिल्लीचा वाटत नाही. आकाशवाणी व दूरदर्शन स्वायत्त संस्थेकडे सोपवणारा प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला, पण अंमलात यायला १९९७ उजाडले, आणि पगाराचा भार आजही केंद्राच्या अनुदानावरच आहे.