मदत हवी आहे: प्राध्यापक पीएचडी का टाळतात, हे विचारायचं कसं?

वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांसाठी प्रश्नावली बनवतेय: पीएचडी का केली, का टाळली? अडचण ‘वेळ नाही’ या पर्यायाची. तो यादीत पहिला असला की लोक तिथेच टिक करून पुढे जातात. मग गाइड न मिळणं, संख्याशास्त्राची धास्ती, ओपीडी सांभाळून रुग्णांचा फॉलो-अप न जमणं, ही कारणं दबून जातात. पर्यायांचा क्रम प्रत्येकाला बदलून द्यावा, की आधी 8-10 मुलाखती घेऊन पर्याय ठरवावेत?

पीएचडी अर्धवट सोडलेल्यांचा गट वेगळा हवाच. पण छोट्या विभागात नाव न विचारताही वय, विषय आणि हुद्दा यांवरून माणूस ओळखू येतो. यातला कुठला रकाना गाळावा? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.