मदत हवी आहे: वेको, १९९३ – पहिली गोळी कोणी झाडली याविषयीच्या परस्परविरोधी साक्षी कशा तोलाव्यात?

नमस्कार. टेक्सासमधील वेकोजवळ ब्रँच डेव्हिडियन पंथाच्या वस्तीवर अमेरिकी सरकारने घातलेल्या धाडीवर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे आणि एका मुद्द्यापाशी अडलो आहे. तेथील न्यायप्रक्रियेची माहिती असलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ज्यावर वाद नाही ते थोडक्यात असे. रविवार, २८ फेब्रुवारी १९९३ रोजी एटीएफ या केंद्रीय यंत्रणेचे अधिकारी बेकायदा शस्त्रांच्या संशयावरून वॉरंट घेऊन माउंट कार्मेल या वस्तीवर गेले. त्या दिवशी चार अधिकारी आणि पंथाचे सहा जण मरण पावले. त्यानंतर एफबीआयचा ५१ दिवसांचा वेढा पडला आणि १९ एप्रिलला चिलखती वाहनांनी भिंती फोडून आत अश्रुधूर सोडल्यावर, दुपारी बाराच्या सुमारास लागलेल्या आगीत पंथप्रमुख डेव्हिड कोरेश याच्यासह ७६ जण गेले. त्यांत लहान मुलेही होती, आणि हा लेख लिहावासा वाटण्याचे खरे कारण ती मुलेच आहेत.

आगीबाबत माझे मत बऱ्याच अंशी ठरले आहे. वीज तोडलेली असल्यामुळे आत कंदील होते आणि वाहनांच्या धक्क्याने ते उलटले, असे आगीतून बचावलेल्यांपैकी काहींचे म्हणणे आहे. परंतु आग जवळजवळ एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी लागली, आणि गुप्तपणे आत पोहोचवलेल्या ध्वनिग्राहकांवर इंधन पसरवण्याविषयीचे बोलणे नोंदले गेले, हा पुरावा मला अधिक वजनदार वाटतो. ज्वलनशील नळकांड्या वापरल्याची गोष्ट एफबीआयने १९९९ पर्यंत कबूल केली नव्हती, हे अक्षम्य आहे. तरीही त्या आगीच्या काही तास आधी आणि मुख्य इमारतीपासून दूर झाडल्या गेल्या होत्या. लपवाछपवी सिद्ध झाली म्हणून आगही सरकारनेच लावली, असा निष्कर्ष मला काढता येत नाही.

अडचण आहे ती पहिल्या गोळीची. दार बंद होताच आतून गोळ्या आल्या, असे अधिकारी सांगतात; सुरुवात बाहेरून झाली, असे पंथाचे लोक सांगतात; आणि अंगणातल्या कुत्र्यांवर झाडलेल्या गोळ्यांमुळे दोन्हीकडे गैरसमज झाला, असेही एक मत आहे. धाडीची कुणकुण आत आधीच लागली होती, हे तर निश्चित आहे. वार्तांकनासाठी निघालेल्या एका कॅमेरामनने ज्या टपालवाहकाला रस्ता विचारला, तो कोरेशचा मेहुणा निघाला. वस्तीत वेषांतर करून वावरणाऱ्या अधिकाऱ्याने बाहेर येऊन वरिष्ठांना सावध केले, तरी धाड थांबवली गेली नाही. गोळीबार सुरू झाल्यावर पंथातल्या एका वकिलाने ९११ वर फोन करून, आत बायका-मुले आहेत, हे थांबवा, अशी विनवणी केली. त्या ध्वनिमुद्रणातून आतली घबराट स्पष्ट ऐकू येते, पण सुरुवात कोणी केली हे त्यातून ठरत नाही.

राहते ते दार. पुढचे प्रवेशद्वार दोन झडपांचे व धातूचे होते. डावी झडप आगीनंतर मिळाली, उजवी मिळालीच नाही. वेढ्याच्या काळात आत जाऊन आलेल्या बचाव पक्षाच्या वकिलांनी, त्या उजव्या झडपेवरची भोके बाहेरून आत गेलेल्या गोळ्यांची होती, असे सांगितले. एक झडप टिकते आणि दुसरी नाहीशी होते, हे मला सहज पटत नाही. मात्र ती मुद्दाम हलवली, असे म्हणण्याइतका आधारही दिसत नाही.

१९९४ च्या सॅन अँटोनियो येथील खटल्यात ज्यूरीने अकराही आरोपींना खुनाच्या कटातून मुक्त केले, पण काहींना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. २००० च्या दिवाणी दाव्यात सरकारला जबाबदार धरले गेले नाही. सरकारने १९९९ मध्ये नेमलेले विशेष वकील जॉन डॅनफोर्थ यांच्या चौकशीचा भर १९ एप्रिलवर होता.

म्हणून माझे विचारणे असे: घटनास्थळ सरकारच्या ताब्यात असताना असा पुरावा हरवला, तर अमेरिकी न्यायालये त्यातून सरकारविरुद्ध कितपत अनुमान काढू देतात? १९९४ च्या खटल्यातील दाराविषयीच्या साक्षी कोणी मुळातून वाचल्या आहेत का, आणि उलटतपासणीत अधिकाऱ्यांची विधाने कितपत टिकली? मूळ नोंदी कोठे वाचायला मिळतील, एवढे कळले तरी मोठी मदत होईल.