‘समाविष्ट’ की ‘अंतर्भूत’? पीएचपीतल्या ‘इन्क्लूड’ला मराठीत काय म्हणावं

धरमपेठकर: पोरांसाठी पीएचपी या वेबपानं बनवायच्या प्रोग्रॅमिंग भाषेची मराठीत टिपणं लिहून राहिलो. एका वाक्यावर गाडी अडली : ‘एका पीएचपी स्क्रिप्टचं आउटपुट दुसऱ्या पानात इन्क्लूड करणे.’ ‘समाविष्ट करणे’ लिहिलं तर पोरं म्हणतात, सर, हे जीआरसारखं वाटते. ‘अंतर्भूत’ चालेल काय?

महालकर: भाऊ, आधी वाक्यच तपासा. इन्क्लूडनं आउटपुट येत नाही, अख्खी फाइल येते. ती त्याच जागी, त्याच पानाचे चल (व्हेरिएबल) वापरत चालते आणि जे छापते ते तिथं उमटते. म्हणून मला ‘समाविष्ट’च पटतो. सम् + आ + विश्, विश् म्हणजे शिरणे. ‘आविष्ट’ही त्यातलाच, म्हणजे अंगात आलेला. माझ्या पानात यादी मोजायला ‘आय’ नावाचा चल होता. प्रत्येक फेरीत जी फाइल आत घेत होतो तिच्यातही ‘आय’, अन् ती त्याला दरवेळी शून्य करे. यादी संपेचना बाप्पा! ‘अंतर्भूत’ म्हणजे मुळातच आत असलेलं. आणून घातलेल्याला तो शोभत नाही.

धरमपेठकर: अन् नुसतं आउटपुटच पाहिजे असलं तर?

महालकर: आपल्याच सर्व्हरवरची फाइल असेल तर आधी ओबी_स्टार्ट, मग इन्क्लूड, शेवटी ओबी_गेट_क्लीन. छापलेलं पानावर न जाता चलात जमा होते. याला मी ‘झेलणे’ म्हणतो. दुसऱ्या सर्व्हरवरची असेल तर फाइल_गेट_कंटेंट्सला वेब-पत्ता द्या. कोड तिकडेच चालतो, इकडे तयार मजकूर येतो. हे ‘मागवणे’. इन्क्लूडलाच पत्ता देता येतो, पण त्याची परवानगी मुळात बंद असते. बंदच राहू द्या, नाहीतर परक्यानं पाठवलेलं आपल्या घरात कोड म्हणून चालायचं.

बर्डीवाली: ‘मागवणे’ बेस्ट, पण एक तळटीप टाकाच. फाइल_गेट_कंटेंट्सला पत्त्याऐवजी डिस्कवरचा मार्ग दिला की तर्री येत नाही, तर्रीची कृती येते. कच्चा कोड! अन् आउटपुटला ‘प्रदान’ नका लिहू, पुरस्कार दिल्यासारखं वाटते. आउटपुटच राहू द्या.

धरमपेठकर: जमलं. आता ‘रिक्वायर’ राहिला. फाइल सापडली नाही तर इन्क्लूड इशारा देऊन पुढं जाते, हा तिथंच सारं थांबवते. ‘आवश्यक’ मिळमिळीत वाटून राहिला.

महालकर: ‘अनिवार्य’ लिहा. पोरं पुन्हा जीआर म्हणतीलच, म्हणू द्या.