शब्दचर्चा : भूपट्ट ‘सपाट’ होतो की ‘आडवा’?

प्रश्न : अँडीज पर्वतावरचा लेख मराठीत लिहितोय. समुद्रतळाचा नाझ्का भूपट्ट (पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचा एक प्रचंड तुकडा) दक्षिण अमेरिकेखाली बुडताना मध्य चिली आणि पश्चिम अर्जेंटिनाच्या खाली मध्येच उतरायचा थांबतो. त्यासाठी मी ‘सपाट होतो’ लिहिलं, तर वाचणाऱ्याने विचारलं, ‘दाबला जाऊन चपटा होतो का?’ नेमका शब्द कोणता?

उत्तर : ‘आडवा होतो’ लिहा. खाचखळगे, उंचवटे नसले की पृष्ठभाग सपाट. इथे बदलते ती पट्टाची नती, म्हणजे क्षितिजाशी असलेला कोन. बहुतेक ठिकाणी पट्ट ३० अंश किंवा त्याहून तीव्र कोनात खाली जातो. तुम्ही म्हणता तिथे तो सुमारे १०० किलोमीटर खोलीवर जवळजवळ क्षितिजसमांतर होतो, तसाच पूर्वेकडे काहीशे किलोमीटर सरकतो आणि मग पुन्हा खाली वळतो.

शिवाय ‘सपाट’ने कारणच झाकलं जातं. तिथे पट्टावर हुआन फर्नांडेस ही सागरतळावरच्या ज्वालामुखींची रांग आहे, तर दक्षिण पेरूखाली नाझ्का कटक, म्हणजे समुद्रतळावरची लांबलचक उंच रांग, बुडतोय. सागरी पट्ट बुडतो तो थंड आणि जड असल्यामुळे. खोलवर त्यातल्या बेसाल्टचं एक्लोजाइट या जास्त घनतेच्या खडकात रूपांतर होतं आणि तो आणखी जड होतो. कटकाखालचं कवच मात्र जाड आणि तुलनेने हलकं. रूपांतर लांबलं तर तो भाग खाली जायला तयार होत नाही. म्हणजे जो पट्ट उंचवटे घेऊन आलाय, त्यालाच आपण सपाट म्हणणार!

दुसरं उत्तर : ‘आडवा’ पटलं. पण सगळं श्रेय कटकाला देऊ नका, कटक बुडत असूनही नती तीव्रच राहिलेली ठिकाणं आहेत. दक्षिण अमेरिका स्वतः पश्चिमेकडे सरकत त्या पट्टावर चढते, हेही महत्त्वाचं. पट्ट तरुण, म्हणजे अजून ऊबदार असेल तर तोही सहजी बुडत नाही. कशाचा वाटा किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

प्रश्नकर्ता : आभार. मग या भागात ‘ज्वालामुखी विझतात’ म्हणू का?

उत्तर : चालेल, पण कारण जोडा. दोन पट्टांमध्ये तप्त प्रावरणाची, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या थराची, पाचर असते. बुडणाऱ्या पट्टातून सुटलेलं पाणी तिच्यात शिरलं की खडक वितळतो. पट्ट आडवा झाला की पाचरीला जागाच उरत नाही. म्हणून साधारण २७ ते ३३ अंश दक्षिण या टापूत आज जागृत ज्वालामुखी नाहीत. ६,९६१ मीटर उंचीचं आकोंकाग्वा शिखर इथलंच, आणि ते जागृत ज्वालामुखी नाही. उलट, आडव्या पट्टाचा दाब खंडात दूरवर पोचतो आणि पूर्वेला सिएरास पाम्पेआनासचे डोंगर उचलले जातात.

दुसरं उत्तर : एक भर. ‘आडवा’सोबत खोलीही द्या. मेक्सिकोखाली कोकोस हा दुसरा सागरी पट्ट ५० किलोमीटरच्या आतच आडवा होतो, जवळजवळ खंडाच्या कवचाला चिकटून. तिथे ज्वालामुखी विझलेले नाहीत, किनाऱ्यापासून बरेच आत सरकलेत. पोपोकातेपेत्ल त्यातलाच.