वऱ्हाडी रॅप बीटवर बसत नाही, मदत हवी आहे

नवीनच रॅप शिकून राहिलोय. १६ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) व्हर्स, म्हणजे कडवं, वऱ्हाडीत लिहिला, बीट साधा बूम-बॅप (जुन्या हिप-हॉपचा ड्रमचा ताल), ९० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९० ठोके. यमकं जुळतात, कागदावर मस्त वाटते. म्हणायला गेलो की तिसऱ्या-चौथ्या बारला शब्द उरतात अन् स्नेअर (दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर वाजणारा ड्रम) निघून जातो.

घोळ बहुतेक क्रियापदांचा आहे. ‘करतोय’ पटकन उरकते, पण ‘करून राहिलो’ म्हटलं की अर्धा बार तिथंच खपतो. अन् तेच काढलं तर मग वऱ्हाडी उरलं काय?

मेट्रोनोम (ठोक्यांची टिकटिक) ७० वर लावून म्हणून पाहिलं, तेव्हा बसते. वेग वाढवला की पुन्हा तेच, वरून दमही तुटते. दुसऱ्याचे व्हर्स मात्र ९० वर नीट म्हणता येतात, म्हणजे ताल कळतो. ‘बीट हळू घे’ सांगू नका, हाच बीट पाहिजे.

मोबाईल अन् इयरफोन, एवढंच सामान. रूम नागपुरात धरमपेठेत, पार्टनर रात्रपाळीचा, म्हणून दिवसा आवाज काढता येत नाही. सरावाला संध्याकाळी फुटाळा तलावावर जातो. पैसे भरून क्लास सध्या नको.

वऱ्हाडीत लिहिणाऱ्यांनो, असे लांब शब्द तुम्ही दुप्पट वेगात म्हणता, की ओळ आधीच्या बारच्या चौथ्या ठोक्यावरून उचलता? अन् श्वास नेमका कुठं घेता?