४० अँपियरचा रिले, पण सॉकेटचं काय?
गाडीतल्या रिलेबद्दल (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) कुणीतरी म्हटलंय, त्यावर ४०/३० छापलेलं असलं की ४० अँपियर बिनधास्त टाका. अर्धंच बरोबर. ४० हा आकडा ८७ नंबरच्या पिनचा (रिले चालू झाला की ३० नंबरच्या पिनला जोडली जाते ती), ८७ए वर (रिले बंद असताना जोडलेली असते ती) ३०च. शिवाय सतत चालणाऱ्या लोडला (जोडलेल्या उपकरणाला) २०-२५च्या वर मी तरी जाणार नाही. कंपनीचा रिले घ्याच, पण जळतं ते बहुतेक वेळा सॉकेट. बाजारातल्या तयार सॉकेटला केसासारख्या बारीक वायरी असतात आणि आतली क्लिप दोनदा रिले काढला-घातला की सैल पडते. लोड चालू ठेवून मल्टिमीटरने वायरच्या बाजूने ३० आणि ८७ मधला व्होल्टेज मोजा. २० अँपियरला ०.३ व्होल्ट दिसले तर ६ वॉट उष्णता तिथेच. प्लास्टिक पिवळं पडणारच.

हेड युनिटच्या (गाडीच्या स्टीरिओच्या) निळ्या-पांढऱ्या वायरवर, म्हणजे अँप चालू करायच्या सिग्नलवर, रिले चालवत असाल तर डायोडवाला घ्या (कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका डायोड जिरवतो), नाहीतर ८५-८६ वर, म्हणजे कॉइलच्या दोन पिनांवर, १एन४००७ डायोड लावा, पट्टीची बाजू ८६ला, म्हणजे पॉझिटिव्हला. डायोडवाल्या रिलेत ८५-८६ उलटे जोडले तर कॉइलऐवजी थेट शॉर्ट होतो. आणि फ्यूज बॅटरीजवळ, रिलेजवळ नव्हे.