अठरा पूर्ण झाली, आता राहायचं कुठे?
एका चर्चेत कुणीतरी लिहिलंय की अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांना नोकरी लावून दिली की घराचं ते बघतील. इथेच तर घोडं अडतं. आमच्या ओळखीतला एक मुलगा, लहानपणी स्टेशनवर सापडलेला, आता गॅरेजमध्ये कामाला आहे. पगार वेळेवर, पण खोली मिळेना. पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी त्याचं पेन थांबायचं. वर अनामत, आणि 'घरी कोण कोण असतं?' शेवटी आम्ही मध्ये पडलो तेव्हा कुठे कॉट बेसिसवर जागा मिळाली.

बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये १८ ते २१ वयासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे. २०१८ मध्ये राज्याने अनाथांना १ टक्का आरक्षणही दिलं. चांगलंच आहे. पण एकविसाव्या वाढदिवसाला माणूस आपोआप मार्गी लागतो? (आपली पोरं तिशीतही आईच्या हातचा डबा नेतात!) मला वाटतं, पगाराला झेपेल असं भाडं, स्वतःच्या नावाचा करार आणि अधूनमधून दार वाजवणारी एखादी ताई, हे तिन्ही एकत्र हवं. हा मुलगा डेंगीने तीन दिवस पडून होता, तेव्हा शेजारच्या कॉटवाल्याला त्याचं नावही माहीत नव्हतं.